इतर कपात

पगाराची स्लिप आम्ही कामगार खालून वर वाचतो. खाली हातात पडणारा आकडा असतो. तो बघायचा आन् डोक्यात लगेच वाटण्या सुरू. इतके किराणावाल्याला, इतके खोलीच्या भाड्याला, इतके आईच्या गोळ्यांना. वरचे रकाने वाचायला कुणाला वेळ असतो? पाळी सुटली की माणूस घर गाठतो.

२०२३ च्या दसऱ्यानंतर जो पगार झाला त्यात खालचा आकडा जमेना. हजेऱ्या सव्वीस, एकही खाडा नाही. उचल घेतलेली नाही. तरी पाचशे कमी. म्हणून वरच्या रकान्यांत शिरलो. प्रॉव्हिडंट फंड, ई.एस.आय., व्यवसाय कर. हे ठरलेले. त्याखाली 'वेस्ट' १८० रुपये. हा वर्षभर दर महिन्याला येऊन बसणारा पाहुणा. आन् त्याच्याखाली नवीन : 'इतर कपात – ५०१'.

आकडा बघूनच मी ओळखलं. दंड कधी पाचशे एक नसतो. दंड शंभर असतो, दोनशे असतो. वरचा एक रुपया लावला की समजायचं, हे पैसे देवाच्या दारात गेले.

दोस्तहो, मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका सूतगिरणीत रिंगखात्यात सायडर. गिरणीचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर वाचणारा म्हणेल, 'हां, ती गिरणी वाईट', आन् बाकीच्या सगळ्या सुटतील. शाळा दहावीपर्यंत. पुढचं जे वाचलं ते वस्तीतल्या विहाराच्या कपाटातलं. कविता करतो. संपादकांनी या अंकाला कविताच मागितली होती. कविता आहे, पण ती राहू द्या. या वेळी हा हिशेब छापा.

*

टाइम ऑफिसला गेलो. टाइमकीपर तसा चांगला माणूस, कुणाला वाकडं बोलत नाही. म्हणाला, "अरे, ते खंडेनवमीच्या पूजेचं. आन् कंपाउंडात देऊळ बांधतायत ना, त्याचं."

"मला कुणी विचारलं?"

"सगळ्यांचेच कापलेत."

"विचारलं कुणी, ते सांगा."

"सगळ्यांचेच कापलेत म्हणलं ना बाबा!"

हे उत्तर नीट ऐका. विचारलं का, या प्रश्नाला 'सगळ्यांचे' हे उत्तर. जणू चारशे माणसांना विचारलं नाही म्हणजे एकाला विचारण्याची गरज उरली नाही.

गिरणीत तिन्ही पाळ्या मिळून चारशेवर माणूस. प्रत्येकी ५०१. दोन लाखांच्या वर रक्कम झाली. पुढं देवळाच्या पायरीपाशी संगमरवरी पाटी बसली. त्या पाटीवर आमचं कुणाचं नाव नाही. मालकाच्या वडिलांचं नाव, खाली 'स्मरणार्थ'. घाम आमचा, पुण्य त्यांचं. आन् स्लिपवर नाव काय, तर 'इतर'.

मुकादमाकडं गेलो तर त्यानं माझाच कागद माझ्यापुढं टाकला. कामाला लागलो त्या दिवशी सहा कागदांवर सह्या घेतल्या होत्या. त्यातला चौथा. लिहिलेलं असं : 'माझ्या वेतनातून व्यवस्थापन ठरवील ती रक्कम कापून घेण्यास माझी हरकत नाही.' खाली सही माझीच, तारीख माझ्याच हाताची.

मला तो दिवस आठवला. वडील जाऊन दोन महिने झाले होते. घरात डाळ नव्हती. मी म्हणलं होतं, कागद वाचून सही करतो. तर हाच मुकादम म्हणाला होता, "वाच की निवांत. आधी सही कर, पाळी सुरू होतीय." सही केली. वाचायला दिलाच नाही. चार वर्षांनी तो कागद पहिल्यांदा वाचला, तोही कापल्यावर.

"आता बोल," मुकादम म्हणाला. "तूच लिहून दिलंय."

मी बोललो नाही. त्या वेळी बोलायला माझ्याकडं काही नव्हतं.

*

त्या रात्री झोप लागली नाही. पाचशे एक रुपयांसाठी कुणी जागतं का? जागतं. माझी एक हजेरी पाचशेच्या आत आहे. म्हणजे एक अख्खी पाळी. आठ तास दोन फ्रेमच्या गल्लीत येरझारा घालायच्या. तुटला धागा की जोड. कापूस नाकात, कानात, पापण्यांवर. मशिनीच्या आवाजात शेजारच्याला खुणेनं बोलायचं. असा एक दिवस मी देवळासाठी राबलो आन् मला ते पगाराच्या दिवशी कळलं.

न विचारता, न देता राबवून घेतलेल्या दिवसाला आपल्या घरात एक जुना शब्द आहे. वेठ.

आज्जा सांगायचा. तो २०१९ ला गेला. त्याचा बाप गावात महारकी करून मग मुंबईला पळाला होता. गावात काम बारमाही. सरकारी टपाल पोचवायचं, पाटलाच्या घोड्यापुढं पळायचं, मेलेलं ढोर ओढायचं. बदल्यात बलुतं. तेही खळ्यावर गेल्यावर पाटलाच्या मनात येईल तेवढं. पेंढ्या कमी दिल्या आन् विचारलं, तर उत्तर ठरलेलं, 'औंदा सगळ्यांच्याच कमी केल्यात.' आज्जाकडून ऐकलेलं हे वाक्य टाइम ऑफिसच्या खिडकीतून जसंच्या तसं माझ्या कानावर पडलं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्याला दुरुस्तीचं बिल आणलं, ते या मनमर्जीच्या मजुरीवरच बोट ठेवायला. वतन कायद्यानं गेलं ते १९५८ च्या कायद्यानं. गावातल्या वतनाचं सांगतोय मी. स्लिपवरचं वतन निराळं.

मुंबईत आज्जाचा बाप कताईत लागला. साच्यावर, म्हणजे मागावर, आपल्या माणसाला घेत नसत. तिथं पगार जास्त. पण धोट्यातला धागा तोंडानं ओढून काढावा लागायचा. महाराच्या तोंडाचा धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागला तर तो बाटायचा. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढं हाच प्रश्न ठेवला होता.

त्या काळी गिरण्यांत आणखी एक चाल होती. साचेवाल्याच्या हातून कापड बिघडलं की ते बिघडलेलं कापड त्याच्याच गळ्यात मारायचं आन् किंमत पगारातून कापायची. आज्जा यावर हसायचा. म्हणायचा, "साचेवाल्याला कापल्या पैशाचं फाटकं कापड तरी मिळायचं. आपल्याला साच्याजवळ उभं केलं न्हाई. म्हणून आपला दंड नुसता दंड. हातात सूत बी न्हाई."

आज्जाही पुढं त्याच खात्यात लागला. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचा संप सुरू झाला तेव्हा तो संपात होता. संप मिटल्याचं कुणी कधी जाहीर केलं नाही. आज्जा मात्र गावाला परत आला. येताना पितळी डबा आन् गिरणीचा बिल्ला. तो बिल्ला आमच्या घरात आहे.

*

आता माझी चूक सांगतो. ही सांगायची म्हणूनच लिहायला बसलो.

पहिला अर्ज मी एकट्यानं केला, आन् रागात केला. लिहिलं : 'मी बौद्ध आहे. आमच्या बावीस प्रतिज्ञा आहेत. तुमच्या पूजेला माझे पैसे घेण्याचा तुम्हाला अधिकार नाही.' लिहिताना छाती फुगली होती. वस्तीतल्या पोरांना वाचून दाखवला. पोरं म्हणाली, कडक.

मॅनेजर साहेबानं बोलावलं. मला वाटलं, भांडण होणार. साहेबानं खुर्ची दिली. चहा मागवला. "तुमचं बरोबर आहे," म्हणाला. "तुमच्या भावना दुखावायचा हेतू नव्हता. असं करा, तुमच्या लोकांची यादी द्या. त्यांचे पैसे पुढच्या पगारात जमा करून टाकू. विषय संपला."

मी जिंकून बाहेर आलो. यादी केली. तिन्ही पाळ्या मिळून अकरा नावं निघाली. काही जणांनी नावं द्यायला नको म्हणलं. गिरणीत जात उघड होईल म्हणून. ते मला त्या वेळी भ्याड वाटले.

जेवणाच्या सुट्टीत वाइंडिंग खात्यातली एक मावशी आली. जातीनं धनगर. नवरा अंथरुणावर, दोन पोरी. कोनाच्या पेट्या उचलून तिची कंबर गेलेली. म्हणाली, "बाळा, यादी करतोस म्हणं. माझं नाव घे."

मी म्हणलं, "मावशी, ही बौद्ध कामगारांची यादी आहे."

"मग माझे कुणी द्यायचे?"

"तुमचं... तुम्ही तर पूजा करता ना?"

मावशीनं डबा खाली ठेवला. "मी करती. घरी. दोन रुपयाची उदबत्ती लावती, माझ्या हातानं. ह्यांनी पाचशे एक नेले ते मला इचारून नेले व्हय? पोरीची फी तटली माझी. तुला तुझ्या धरमानं सोडवलं. मला कोन सोडवायचं? माझ्या देवाचं नाव घिऊन माझाच खिसा कापला की रं."

मग एकदम आवाज खाली आणून म्हणाली, "तुमी तुमच्यापुरतं सोडवून घेतलं. बरं केलं."

त्या 'बरं केलं'नं माझी सगळी हवा गेली. साहेबानं मला अधिकार दिला नव्हता, सवलत दिली होती. अकरा जणांना वेगळं काढलं की उरलेल्या चारशेंची कपात पक्की. वरून गिरणीत बोलायला मोकळे, 'त्यांचं बघा, त्यांना सगळ्यातच सूट पायजे.' हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलोय. या वेळी त्याचा दाखला मी स्वतःच्या हातानं लिहून देत होतो.

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. तिथं बाबासाहेबांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आपण सगळे हे भाषणात सांगतो. माझ्या स्लिपवर ते दोघं एकाच रकान्यात मांडीला मांडी लावून बसले होते, आन् मी एकाशी भांडून दुसऱ्याशी चहा पिऊन आलो होतो.

यादी फाडली.

*

शहरात लाल बावट्याचा एक म्हातारा कार्यकर्ता आहे. त्याच्याकडं गेलो. त्यानं कपाटातून फाटकं पुस्तक काढून दिलं. पेमेंट ऑफ वेजेस ॲक्ट, १९३६. म्हणाला, "वाच. समजलं नाही ते विचार. पण आधी तू वाच." पंधरा रात्री वाचलं. एकेका कलमाला तीनदा शब्दकोश.

हा कायदा बाबासाहेबांनी केला असं कुणी सांगितलं तर मानू नका. आपल्याला उसनं मोठेपण नको. पण तो कुणाच्या दयेनंही आलेला नाही. १८८४ साली सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरवली. रविवारची सुट्टी मागितली, तशीच ही मागणीही केली : महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. रविवार १८९० साली मिळाला. पगाराला आणखी चाळीसवर वर्षं लागली. मधे मुंबईचे मोठे संप झाले. १९२९ साली व्हिटले कमिशन नेमलं गेलं. दंड आणि कपातीला कायद्यानं आळा घाला, असं त्याच्या १९३१ च्या अहवालात आलं. मग १९३६ साली कायदा, आन् अंमल मार्च १९३७ पासून. त्याच १९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला.

कायद्यात मला जे सापडलं ते सांगतो.

कलम ७. पगारातून काय काय कापता येतं याची यादी. यादीत आहे तेवढंच कापायचं. गैरहजेरी, उचल, प्रॉव्हिडंट फंड, कर, कोर्टाचा हुकूम वगैरे. विम्याचा हप्ता आन् युनियनची वर्गणी या गोष्टी यादीत आहेत, पण त्यांनासुद्धा कामगाराची लेखी परवानगी लागते. देऊळ यादीत नाही.

कलम ८. दंड. कोणत्या चुकीला दंड हे आधी सरकारकडून मंजूर करून गिरणीत लावायला पाहिजे. कामगाराचं म्हणणं ऐकल्याशिवाय दंड नाही. महिन्याचा दंड पगाराच्या शेकडा ३ च्या वर नाही. आन् दंडाचा पैसा मालकाचा नाही; तो कामगारांच्या हितासाठीच वापरायचा.

कलम १०. नुकसान. माल त्या माणसाच्या ताब्यात दिलेला पाहिजे, नुकसान त्याच्याच हयगयीनं झालेलं पाहिजे, त्याचं म्हणणं ऐकलेलं पाहिजे. मग आमचा 'वेस्ट' १८० कुठं बसतो? कापूस हलका घेतला, धागा सारखा तुटला, बॉबिनवर सूत उरलं. ते सगळ्यांच्या पगारातून सारखं कापलं. कुणाची हयगय, हे कुणी सांगितलं?

आन् कलम २३. ते वाचलं तेव्हा मी खोलीत एकटाच मोठ्यानं हसलो. या कायद्यानं दिलेला हक्क सोडून देणारा करार कामगारानं केला, तर तो तेवढ्यापुरता रद्दबातल. म्हणजे माझी ती सही, चौथ्या कागदावरची. भुकेल्या माणसाकडून कशावरही सही घेता येते, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होतं.

संविधानातही २३ आहे. अनुच्छेद २३, वेठबिगारीला बंदी. १९८२ साली दिल्लीत एशियाडची बांधकामं चालू होती. मजुराला दिवसाला ९ रुपये २५ पैसे मिळायचे होते. जमादार मधला एक रुपया कापून हातावर ८ रुपये २५ पैसे ठेवायचे. ते प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टानं त्याच वर्षी सांगितलं की किमान वेतनाहून कमी पैशात राबवून घेणं हीसुद्धा अनुच्छेद २३ खालची सक्तीची मजुरी. माझी केस तीच आहे असं वकील म्हणणार नाही. पण मजुराच्या एका रुपयामागं वेठ उभी असते, हे आज्जा सांगायचा तेच कोर्टानं लिहून ठेवलं.

मग दुसरा अर्ज लिहिला. तो इथं देतो. कुणाला उपयोगी पडेल.

'मा. व्यवस्थापक यांस. आम्ही खाली सही करणारे कामगार कळवतो की, ऑक्टोबर २०२३ च्या वेतनातून "इतर कपात" या नावाने प्रत्येकी ५०१ रुपये कापले आहेत. ही कपात कलम ७ च्या यादीत नाही. कामावर घेताना सही करून घेतलेला कागद कलम २३ प्रमाणे रद्दबातल आहे. "वेस्ट" नावाची कपात कोणत्या कामगाराच्या कोणत्या चुकीबद्दल केली आणि त्याचे म्हणणे केव्हा ऐकून घेतले, ते नोंदवहीसह दाखवावे. सदर पूजेस अगर देवळास या अर्जाद्वारे आमचा विरोध नाही अगर पाठिंबा नाही. ज्यास द्यावयाचे तो आपल्या हाताने देईल. रक्कम पंधरा दिवसांत परत न केल्यास कलम १५ व १६ खाली एकत्र अर्ज करू.'

'विरोध नाही अगर पाठिंबा नाही' हे वाक्य लिहिताना हात अडला. माझा विरोध आहे. वस्तीतल्या मित्रांनीही धरलं, "तू वाकलास." मी म्हणलं, माझा विरोध मी विहारात बोलीन, रस्त्यावर बोलीन. हा अर्ज माझ्या एकट्याचा नाही. त्याच्यावर मावशीची सही पाहिजे.

पहिली सही मावशीचीच. तिला सही येते. पोरीकडून शिकलीय. एकसष्ट सह्या झाल्या. एक प्रत टाइम ऑफिसला, एक सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या कार्यालयात. दोन्हीकडं पोच घेतली.

*

पुढं काय झालं ते वाढवून सांगत नाही. कलम १५ पर्यंत जावं लागलं नाही. जानेवारी २०२४ च्या स्लिपवर 'इतर जमा – ५०१' असं आलं. सगळ्यांना. सही न करणाऱ्यांनाही. 'वेस्ट' बंद नाही झालं. पण आता आधी नोटीस येते, आन् नोटिशीला आम्ही लेखी उत्तर देतो. उत्तर गेलं की बहुतेक वेळा रकाना कोरा येतो.

किंमतही सांगितली पाहिजे. मला रिंगवरून ब्लोरूमला टाकलं. कापसाच्या गाठी फोडायच्या ते खातं. धूळ तिथं सगळ्यात जास्त. तीन महिने सलग रात्रपाळी. ते जाऊ दे. सही केलेली कंत्राटावरची दोन पोरं होती. त्यांना 'उद्यापासून येऊ नका' एवढंच सांगितलं गेलं. एक आपला, एक मातंग. एकाला दुसरीकडं काम लागलं, दुसरा पुण्याला गेला. त्यांना वाचवायला आमच्याकडं काही नव्हतं. सही घेताना ते कंत्राटाचे आहेत याचा मी विचार केला नाही. सभेत जिंकल्याचं सांगताना ही दोन नावं माझ्या घशात येतात. तुम्ही सह्या घ्याल तेव्हा कुणाची सही किती महाग पडणार, हे आधी बघा.

*

खरी परीक्षा एप्रिलमध्ये झाली.

जयंतीच्या कमिटीत मी आहे. २०२४ च्या मार्चमध्ये गिरणीतून निरोप आला. साहेब म्हणत होते, 'जयंतीची वर्गणी दारोदार कशाला मागता? तुमच्या कामगारांची यादी द्या, प्रत्येकी ५०१ पगारातून कापून एकदम चेक देतो.' बैठकीत पोरं खूश. सोपं काम. डीजे नक्की. कुणीतरी म्हणालं, "देवळाला कापत होते, आता बाबासाहेबांना कापतील. बरोबरी झाली."

मी उठून उभा राहिलो. पाय थरथरत होते, खोटं कशाला सांगू. म्हणलं, "ही बरोबरी नाही. जयंतीसुद्धा कलम ७ च्या यादीत नाही. न विचारता कापलेला रुपया देवळाला गेला काय आन् पंचशीलाच्या झेंड्याला गेला काय, ज्याचा कापला त्याच्यासाठी ती वेठच. आपल्यातलाच एखादा आजारी असेल, एखादीच्या घरी चूल नसेल. त्यांना न विचारता आपण बाबासाहेबांचं नाव घेऊन त्यांचा एक दिवस न्यायचा? कापलं, तर मी कमिटीविरुद्ध अर्ज करीन."

मोठा गोंधळ झाला. 'फुटीर' म्हणाले. 'गिरणीनं विकत घेतला' असंही एक जण म्हणाला. तो माझा शाळेतला मित्र. अजून तो नीट बोलत नाही. पण कमिटीनं यादी दिली नाही. पावतीपुस्तकं छापली. दारोदार फिरलो. पैसे कमी जमले. त्या वर्षी डीजे आला नाही. विहारात रात्रभर पोरांनी गाणी म्हणली, आन् उरलेल्या पैशातून वस्तीतल्या मुलांना वह्या वाटल्या. डीजे नाही म्हणून नाराज झालेले अजून मला टोमणे मारतात. मारू देत.

गिरणीच्या गेटवर पावतीपुस्तक घेऊन उभा होतो तेव्हा मावशी आली. कनवटीची नोट काढली. पन्नासची.

म्हणलं, "मावशी, एक्कावन्न लिहू?"

"पन्नासच लिही," ती म्हणाली. "मी माझ्या हातानं देतीय. आन् पावती दे मला."

तर दोस्तहो, कामाची गोष्ट. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली आहे आणि १९३६ चा कायदा तिच्यात गेला आहे. कलमांचे जुने आकडे आता चालणार नाहीत, नवे वाचा. पण मूळ तेच आहे. कापायची यादी ठरलेली. एकूण कपात पगाराच्या निम्म्याहून जास्त नाही. दंड शेकडा ३ च्या आत. बेकायदा कापलं तर कापल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई मागता येते. जुन्या कायद्यात दाव्याला बारा महिने मुदत होती, आता तीन वर्षं आहे. म्हणून स्लिप फेकू नका. माझ्या घरी ट्रंकेत सगळ्या आहेत, आज्जाच्या बिल्ल्याशेजारी.

आन् स्लिप वरून खाली वाचा. 'इतर' दिसलं की थांबा. विचारा, इतर म्हणजे काय? उत्तर आलं, 'सगळ्यांचेच कापलेत', तर मग सगळ्यांनाच बोलवा.

जयभीम.